पूर्वेकडे पाय

मिन्या गावासमोर नदीच्या पलीकडे, डोंगराच्या पायथ्याशी आम्हा ख्रिस्ती लोकांची कबरस्तानं आहेत, आणि ती सांभाळणारा बाखूम हा एक अजब माणूस होता. प्रभू आजच येणार, हे तो सकाळी उठल्या उठल्या धरूनच चालायचा. त्यामुळे कुठलंच काम त्याने कधी उद्यावर टाकलं नाही. बायकोशी भांडण झालं तर दिवेलागणीआधी मिटवायचा, मग चूक कुणाची का असेना.

"तो आला आणि आपण गाल फुगवून बसलेलो, बरं दिसेल का?"

"बरं दिसायचं असेल तर आधी अंगातली ती गलाबिया धुवायला टाका!" बायको, इन्साफ, म्हणायची.

आमच्याकडे मेलेल्याचे पाय पूर्वेला करून ठेवतात. प्रभू पूर्वेकडून येणार. तेव्हा मेलेला माणूस उठून उभा राहिला की तोंड थेट त्याच्यासमोर. पेटी बंद असते, म्हणून झाकणावरच्या लाकडी क्रूसावरून डोकं कुठे ते ओळखायचं. क्रूस नेहमी डोक्याकडे. चाळीस वर्षांत बाखूमच्या हातून एकही पेटी उलटी गेली नव्हती.

लबीब मास्तरांची बायको रिफ्का गेली, त्या दिवशी खमसीनचा वारा सुटला होता. नाकातोंडात वाळू. होडीतून पेटी उतरवली, कशीबशी मास्तरांच्या घराण्याच्या घुमटीत, म्हणजे घुमटाच्या कबरीत, सरकवली आणि बाखूमने विटा रचून तोंड बंद केलं. पाचव्या दिवशी दुपारी सुतार नसीम चहाला आला. बोलता बोलता म्हणाला, "डोक्याकडची फळी तडकली होती हो, म्हणून क्रूस पायाकडे ठोकला. सांगायचं राहूनच गेलं बघा."

बाखूमने पेला खाली ठेवला.

"अरे गाढवा, मी क्रूस बघूनच ठेवलं ना तिला! बाई प्रभूकडे पाठ करून उठेल!"

"गप बसा काका. झाकली मूठ सव्वा लाखाची. पुढे मास्तर जातील तेव्हा घुमटी उघडेलच, तेव्हा हळूच फिरवू."

"आणि तोवर तो आला तर?"

नसीम हसला. बाखूमला हसू आलं नाही. त्याला समोर दिसत होतं: डोंगरामागून उजेड फुटलाय, सगळं गाव उठून उभं आहे, आणि एकटी रिफ्का नदीकडे बघतेय. जन्मभर लोकांच्या बाळंतपणांना धावलेली बाई, आणि ऐन वेळी तिलाच काही दिसणार नाही.

घरच्यांच्या परवानगीशिवाय घुमटी उघडता येत नाही. मास्तरांच्या नाकावर राग. बाखूमच्या या वाट बघण्याची त्यांनी भर चौकात टर उडवलेली. सांगितलं तर बापाकडून आलेली चाकरी जाणार, हे बाखूमला दिसत होतं. तरी अर्धा चहा टाकून तो होडीत बसला, नदी ओलांडून मास्तरांच्या घरी गेला आणि सगळं सांगून टाकलं.

मास्तर ताडकन उठले. "पाच दिवस झाले तिला! आता कबर उघडायची म्हणतोस? लाज नाही वाटत?"

"वाटते, मास्तर. मला काढून टाका. पण आधी तिला फिरवू द्या."

"अबूनांना विचारून सकाळी उघडू."

"सकाळपर्यंतचा भरवसा कोण देणार?"

मास्तरांनी त्याच्याकडे रोखून पाहिलं आणि पायात जोडे सरकवले. वाटेत चर्चमधून त्यांनीच अबूनांना, आमच्या पाद्रीबाबांना, उठवून आणलं.

घुमटी इतकी अरुंद की आतल्या आत पेटी फिरेना. विटा काढून ती पुरती बाहेर आणावी लागली. अबूना धूप घालून प्रार्थना म्हणत होते. नसीम, बाखूम आणि मास्तरांनी पेटी उचलून वळवली. दिवस कलला होता. मावळतीचं ऊन समोरच्या डोंगरावर पडलं आणि सगळा कडा आतून दिवा लावल्यासारखा उजळला. अबूनांची प्रार्थना थांबली. रोज बघितलेला डोंगर, पण तो बाखूमला इतका जवळ कधीच वाटला नव्हता. प्रभू आत्ता, या क्षणी येऊ शकतो, असं त्याला वाटलं, आणि त्याची छाती भीतीने आणि आनंदाने भरून आली.

"चला, आत घेऊ," अबूना हळूच म्हणाले.

मास्तरांनी पेटी सोडली नाही. "थांबा. तिरकी झालीय. जरा डावीकडे घ्या... अजून थोडी. हां. आता नीट दिसेल तिला."

मग ते झाकणाशी वाकले. शेजारच्या खोलीतल्या बायकोशी बोलावं तसं म्हणाले, "रिफ्का, तो आला की मला हाक मार गं. माझी झोप गाढ आहे, तुला ठाऊकच आहे."