बंड्याचा श्रावण

बंड्या आजाराने गेला नाही. माझ्या घरात त्याला श्रावण पाळायला लावला, म्हणून गेला.

आज वर्ष झालं. वर्षभर कोणाला सांगितलं नाही. आज सांगतो.

बंड्या म्हणजे माझा फेरेट, मुंगसासारखा दिसणारा पाळीव प्राणी. लांबुडका, मऊ आणि एक नंबरचा मोजेचोर. नागपूरच्या मित्राला सांभाळणं जमेना, म्हणून मी त्याला आमच्या गावी, ढाणकीला घेऊन आलो.

गावात सगळे त्याला मुंगूसच म्हणायचे. मुंगूस दिसणं शुभ, म्हणून शेजारचे काका सोयाबीन विकायला निघाले की मुद्दाम आमच्या खिडकीत डोकावून जायचे.

घरात आई आणि मी, दोघंच. "हे काय आणलं बाप्पा?" म्हणणारी आई आठवड्याभरात त्याला पदराखाली घेऊन झोपायला लागली.

मग त्याने आईच्या स्लीपरचा तुकडा गिळला. आतडं अडलं. नागपूरला ऑपरेशन झालं.

डॉक्टर म्हणाले, "याला फक्त मांस पचतं. उकडलेलं चिकन, पातळ करून, थोडं थोडं. दूध नाही, पोळी नाही. आत्ता तर अजिबातच नाही."

हे आईसमोर सांगितलं. आईने मान हलवली.

जखम भरली, वजन वाढायला लागलं, आणि नेमकं मला ट्रेनिंगसाठी महिनाभर पुण्याला जावं लागलं.

श्रावण तोंडावर होता. श्रावणात आमच्याकडे अंडंही घरात येत नाही. त्यावरही इलाज काढला. शेजारच्या शकीला चाची म्हणाल्या, चिकन मी शिजवते, डब्बा आणून देते. आईने फक्त मागच्या ओट्यावर बसून त्याला भरवायचं.

"तू जाय बिनघोर," आई म्हणाली. "माह्यं लेकरूच हाय थे."

रोज फोन करायचो.

"आई, बंड्यानं खाल्लं?"

"खाल्लं ना. तू जेवला का?"

मी बिनघोर होतो.

मग त्याला जुलाब सुरू झाले. "ऑपरेशन झालं तं होतेच थोडंसं," आई म्हणाली. तेही मी मानलं.

राखीच्या सुट्टीत घरी आलो. बंड्याला उचललं तर हाताला नुसत्या फासळ्या लागल्या.

डॉक्टरांना फोन लावला.

"नक्की काय खातोय तो?"

"फक्त चिकन, सर."

"शुअर?"

मी भडकलो. "माझी आई स्वतः भरवते. तुमचंच ऑपरेशन चुकलंय."

नागपूरला न्यायला गाडी सांगितली. गाडी दारात यायच्या आत बंड्या माझ्या मांडीवर गेला. मी रागाच्या भरात डॉक्टरांना एक स्टारचा रिव्ह्यू टाकला.

दुपारी चाची भेटायला आल्या. त्यांच्या मागोमाग गल्लीतला भुऱ्या कुत्रा आत शिरला आणि सरळ मागच्या ओट्यावर जाऊन बसला. शेपटी हलवत, आईकडे बघत.

मी पुण्याला गेलो तेव्हा हा भुऱ्या हाडांचा सापळा होता. आता चांगला गरगरीत झाला होता.

चाची म्हणाल्या, "मी तर रोज देत होती डब्बा. हड्डी काढून, बारीक करून."

मी आईकडे बघितलं.

"श्रावण हाय," आई म्हणाली. "म्या त्याच्यासाठीच सोमवार धरले, थो बरा व्हावा म्हणून. ज्या हातानं महादेवाले बेल वाह्यते, त्याच हातानं कोंबडी चारू का? डब्बा ओट्यावर उघडून ठेवत होती, भुऱ्या खाये. बंड्याले दूध देल्लं, तूप-पोळी देल्ली. उपाशी नाई ठेवला म्या त्याले."

चाची उठल्या. रिकामा डब्बा उचलून निघून गेल्या.

रिव्ह्यू मी त्याच दिवशी काढला. डॉक्टरांची माफी मागितली. कारण मात्र सांगू शकलो नाही.

आई, तुझ्या उपासावर माझा राग नाही. "मले नाई जमत" एवढं फोनवर म्हणाली असतीस, तर मी त्याच रात्रीच्या गाडीने येऊन त्याला घेऊन गेलो असतो. तू रोज "खाल्लं" म्हणालीस. फसवलंस मला. आणि मी तुझ्यासाठी डॉक्टरांशी भांडलो.

यंदाही श्रावण आहे. चाचींचा डब्बा आता येत नाही, पण भुऱ्या रोज त्याच वेळेला ओट्यावर येऊन बसतो.

आज आईने त्याला तूप लावून पोळी टाकली.

त्याने हुंगली, आणि तशीच सोडून उठून गेला.

बंड्या, तुला तसं उठून जाता आलं नाही रे.

माफ कर आम्हा दोघांना. श्रद्धांजली, लेकरा.