मी फेकलेली डाळिंबाची टरफलं

बा तळ्यात उतरला नाही, की त्या दिवशी आमच्याकडे नुसती पेज शिजायची. त्याच्याच जाळ्यावर मी नागपूरला राहून बी.एस्सी. झालो. आमच्या ढिवर टोलीतला, म्हणजे मासेमारांच्या वस्तीतला, पहिलाच.

त्या भादव्यात बाला रक्ताची आव लागली. कुरखेड्याहून बैलगाडीनं वडसा, तिथून रेल्वेनं चांद्याचा दवाखाना. डॉक्टर म्हणाले, "कोलायटिस." म्हणजे मोठ्या आतड्याला सूज, आतून जखमा.

सुया झाल्या, गोळ्या झाल्या. ताप उतरला, रक्त थांबेना. आठव्या दिवशी डॉक्टरांनी सांगितलं, "अंगात ताकद उरलेली नाही. आठवडाभरात रक्त थांबायलाच हवं."

मायनं विचारलं, "साहेब, डाळिंबाच्या टरफलाचा काढा देऊ का? आमच्या इथी आवेवर तेच देतेत."

मला लाज वाटली. डॉक्टर मात्र म्हणाले, "त्यात टॅनिन असतं, म्हणजे तुरट द्रव्य. सुजेला थोडा उतार पडू शकतो. पण गोळ्या चालूच ठेवायच्या, आणि आधी मला दाखवायचं."

"बाजारातली किडकी असतेत," माय मला म्हणाली. "घरी आढ्याले टांगलेली टरफलाची पोटली घेऊन ये."

ती पोटली उन्हाळ्यात मीच कचरा म्हणून उकिरड्यावर फेकली होती. ते तिला सांगवलं नाही. गावी गेलो, तर परसातल्या झाडाला फळ नव्हतं. झाड तेच, तर औषधही तेच, असं धरून मी मुळाची साल खरवडून आणली. डॉक्टरांची वाट न पाहता दवाखान्यामागच्या चुलीवर उकळली.

पेला बाच्या ओठांशी नेला, तोच मायनं उरलेल्या सालीची पुडी उलगडली आणि माझं मनगट धरलं.

"हे टरफल नोहे. मुळाची साल हाय. काऊन आणली?"

मी खरं सांगितलं.

"जंत पाडाले देतेत हे, तेबी चिमूटभर. एवढ्यानं तुहा बा घेरी येऊन पडन."

डॉक्टरांनी पुडी पाहिली. "बाई बरोबर आहेत. जास्त झाली तर हे विषच. बी.एस्सी. तुम्ही झालात की या?"

बा पडल्या पडल्या पुटपुटला, "शिकलेला हाय. इख पाजलं तरी पुस्तकात पाहून पाजन."

शेवटी टरफलं बाजारातूनच घेतली. मायनं निवडली, डॉक्टरांनी पाहिली. तिसऱ्या दिवशी रक्त थांबलं. गोळ्यांनी की काढ्यानं, हे डॉक्टरही सांगू शकले नाहीत.

तुमच्या घरी असं झालं तर आधी दवाखाना गाठा. काढा द्यायचा तर डॉक्टरला दाखवून द्या. आणि हातून चूक झाली असेल, तर पेला उचलायच्या आधी सांगा.

मार्गशीर्षात बा तळ्यात उतरला आणि भरलं जाळं त्यानं एकट्यानं काठावर ओढलं.