गालिच्यावरचा माझा डाग

पाण्याने भिजलेली घरं वाळवून देण्याचा धंदा लातुरात काढतो म्हणालो, तेव्हा आमची गल्ली पोट धरून हसली. ज्या गावात नळ आठ-दहा दिवसांनी येतो, जिथे टँकर दिसला की माणसं हातातलं काम टाकून घागरी घेऊन पळतात, तिथे हा बाबा पाणी उपसायला निघाला! हसू द्या म्हटलं. नळ कधी येईल याचा भरवसा नसला की माणूस तोटी उघडीच ठेवतो. तोटीला रबरी पाइप, पाइप पिंपात, पाणी आलं की आवाजाने कळेलच. मग लग्नाचं बोलावणं येतं, घराला कुलूप लागतं, आणि नेमकं त्याच दुपारी पाणी येतं. परत येऊन दार उघडावं तर सोफ्याचे पाय पाण्यात आणि चपला हॉलभर तरंगताहेत. लातुरातली घरं पावसाने कमी आणि अशी जास्त भिजतात, हे मला ठाऊक होतं, कारण अशा घरांतल्या गाद्या आमच्याच अंगणात वाळायला यायच्या.

आमचं बिछायत केंद्र होतं. लग्नांना गाद्या, सतरंज्या, गालिचे भाड्याने द्यायचे आणि परत आले की त्यांच्यावरचं वरण, पानाची पिंक, श्रीखंड घासत बसायचं. घासून घासून कंटाळलो आणि एक दिवस पाणी मारून ते परत ओढून घेणारं मशीन पुण्याहून आणलं. आधी स्वतःचे गालिचे धुतले, मग डॉक्टर मंडळींचे सोफे, मग भिजलेली घरं. धंदा लहान होता, पण माझा होता. या पट्ट्यात हे सगळ्यात आधी मी सुरू केलं, असं मी तेव्हा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचो. अजूनही सांगतो.

तर माझे साडू. बायकोच्या धाकट्या बहिणीचे यजमान, राहणार नांदेड. तेव्हा ते एका फर्निचरच्या दुकानात नोकरीला होते. दिवाळीला आमच्याकडे आले आणि मशीनभोवती घुटमळू लागले. "दाजी, हे किती पाणी ओढतंय? दाजी, भिंतीची ओल कशानं जाते?" मीही शहाणा, सगळं सांगितलं. मशीन चालवायला दिलं. बायकोने करंज्या वाढल्या. वर्ष उलटायच्या आत नांदेडला त्यांची पाटी लागली, आणि पाटीचा रंगसुद्धा माझ्याच पाटीचा, निळ्यावर पिवळा.

तेही गिळलं असतं. पण त्यांच्या गावाला नदी आहे. एका पावसाळ्यात गोदावरी वस्त्यांत शिरली. टीव्हीवर लोकांचे हाल बघून बायकोचे डोळे भरून आले आणि माझ्या मनात आलं, आता याची चांदी झाली. झालीच. दुकानं, दवाखाने, बंगले, सगळीकडून त्यांना बोलावणी. माझ्या वाट्याला तोट्या आणि त्यांच्या वाट्याला अख्खी गोदावरी! वर त्यांनी गोरगरिबांची घरं फुकट वाळवून दिली. माणूस नालायक असता तर मला किती सोपं गेलं असतं. पण तो कष्टाळू, गोड बोलणारा, दर सणाला "दाजी, तुमच्यामुळं हाय हे सगळं" म्हणून पाया पडणारा. ते ऐकलं की माझ्या पोटात जास्तच दुखायचं. पुढे त्यांनी मोठी गाडी घेतली आणि तिच्या पाठीवर स्वतःचं नाव हातभर अक्षरात रंगवलं. मी आपला मोटारसायकलला मशीन बांधून हिंडत होतो.

आमची सासुरवाडी चाकूरची. सासरे शेती बघून गावात मानाने राहणारे. त्यांच्याकडे एक गालिचा आहे, गर्द लाल, त्यावर मोरांची जोडी, लोकरीचा. थोरल्या लेकीला, म्हणजे माझ्या बायकोला, बघायला पाहुणे येणार म्हणून तो त्यांनी हैदराबादेहून आणला होता. पाहुणे म्हणजे आम्हीच. त्या दिवशी ती चहा घेऊन आली, मी तिच्याकडे बघत राहिलो आणि कप गालिच्यावर सांडला. डाव्या मोराच्या पिसाऱ्यावर तो डाग अजून आहे. घरात कुणीही नवीन आलं आणि गालिचा अंथरला की सासरे बोट दाखवून सांगणार, "ह्यो आमच्या थोरल्या जावयाचा डाग." पाहुणे हसणार. मीही हसायचो.

धंदा सुरू केल्यापासून मला एकच ध्यास होता. तो गालिचा एकदा लातूरला न्यायचा, स्वतःच्या हाताने धुवायचा आणि आपला डाग आपण काढायचा. मी दरवेळी विषय काढायचो. सासरे म्हणायचे, "राहू द्या हो जावईबापू, लोकाच्या घरची घाण काढता ते काढा, आमचा गालिचा लई नाजूक हाय." मग एकदा बायकोकडून कळलं की त्यांनी नांदेडला फोन करून साडूंना विचारलंय, लोकरीचा गालिचा धुता येतो का. मला जेवण गेलं नाही. माझा डाग दुसऱ्याने काढायचा? तोही यांनी?

अशात अधिक महिना आला आणि धोंड्याचं बोलावणं आलं. दोन्ही जावई एकाच दिवशी.

आम्ही मोटारसायकलवर गेलो तर दारात साडूंची गाडी उभी. अहमदपूरला कुठलं तरी काम आटपून ते परस्पर आले होते, गाडीत मशीन, पंखे, सगळा संसार. गल्लीतली पोरं गाडीवरचं नाव मोठ्याने वाचत होती. मी मोटारसायकल गाडीच्या आडोशाला लावली.

आत थाट होता. हॉलमध्ये गालिचा अंथरलेला. तो हॉलपेक्षा मोठा, म्हणून त्याचं एक टोक दिवाणामागे दुमडलेलं. गालिच्यावर दोन पाट मांडले होते. सासू-सासऱ्यांनी परातीत आमचे पाय धुतले, कुंकू लावलं, ओवाळलं, टॉवेल-टोपी झाली, हातात चांदीचं निरांजन दिलं. मी हळूच साडूंच्या निरांजनाकडे बघितलं. सारखंच होतं, पण त्यांचं जास्त चकाकत होतं. मग ताटं आली, तुपात बुडालेले धोंडे, भजी, आमटी. अधिक महिन्यात जावई म्हणजे नारायण. नारायणाने फक्त जेवायचं असतं आणि "नको नको" म्हणायचं असतं.

पहिला धोंडा संपत आला तेव्हा सासऱ्यांनी घसा खाकरला. चार शेजारी दारात बसले होते, त्यांनाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "धाकल्या जावयाची गाडी आलीच हाय, तर जाताना गालिचा घेऊन जावा नांदेडला. मोठी कामं करायलेत ते. आता ह्यो चहाचा डाग एकदाचा निघंल." आणि सवयीने डागाकडे बोट केलं. शेजारी हसले. साडू माझ्याकडे बघून म्हणाले, "अहो मामा, दाजी असताना..." मामा म्हणाले, "त्यांचं मशीन लहान हाय."

मी उठलो.

ताटावरून जावई उठला, तोही धोंड्याच्या दिवशी, अर्ध्या जेवणात! सासूबाईंच्या हातातलं तुपाचं भांडं तसंच राहिलं. "अगं बाई, जावई रुसले!" सासरे धडपडत आले आणि माझा उष्टा हात दोन्ही हातांनी धरला. "कुठं चाललाव जावईबापू? चुकलं माझं, बसा. ताटावरून उठू नगा. तुम्हीच न्या गालिचा, लातूरला न्या, पण बसा!" म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. इतकी वर्षं जे हवं होतं ते असं हातात येऊन पडलं.

मी दुसऱ्या हाताने दिवाणाच्या मागे बोट दाखवलं. "मामा, पाणी!"

दिवाणामागच्या कोपऱ्यात गालिचा काळा पडला होता आणि तो काळेपणा हळूहळू पुढे सरकत होता. झालं होतं ते लातुरात रोज होतं तेच. मागे न्हाणीत नळाची तोटी उघडी, पाइप पिंपात. बायका स्वयंपाकघरात, मिक्सर चालू, नळ आला ते कुणालाच कळलं नाही. पिंप भरून वाहिलं, न्हाणीच्या जाळीत डाळीची टरफलं अडकली आणि पाणी उंबरा ओलांडून दिवाणाखालून गालिच्याच्या टोकात मुरलं.

मग जी धावपळ उडाली ती विचारू नका. सासूबाई नळाकडे, मेहुणी पोती आणायला, शेजारी दिवाण उचलायला. आम्ही दोघांनी ताटं उचलून बाजूला केली. सासरे ओरडत होते, "जावयांनी हात लावायचा न्हाई, बसा तुम्ही, बसा!" पण लोकरीचा लाल रंग पाण्यात उतरायला लागला की फार थांबत नाही. साडू पळत जाऊन गाडीतून मशीन घेऊन आले. मशीन त्यांचं, पण हात माझे, कारण त्यांनी पाइप धरताच मी तो ओढून घेतला. नवी टोपी डोक्यावर, कपाळाला कुंकू, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, असे दोन नारायण गुडघ्यावर बसून पाणी ओढत होते. ते पंखे लावत होते, मी सांगत होतो, ते ऐकत होते. खरं सांगायचं तर त्यांचं मशीन फार झकास आहे. माझ्याकडे तसलं नाही, याचं त्या गडबडीतही मला वाईट वाटत होतं.

रंग वाचला. मोर वाचले. सासरे कमरेवर हात ठेवून बराच वेळ बघत उभे राहिले आणि मग दारातल्या शेजाऱ्यांकडे वळले. "बघितलं का? आम्हाला वाटलं थोरले जावई रुसले. रुसले न्हाईत! घास टाकून उठले, का तर पाणी दिसलं. सगळे बसले होते, दिसलं कुणाला? ह्याला म्हणतेत नजर." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "गालिचा लातूरलाच जाईल. शब्द दिलाय म्हणून न्हाई. तुमच्याच हातात द्यायला पाहिजे होता आधीपासून."

साडूंनी सगळ्यांदेखत मला वाकून नमस्कार केला. "दाजींची नजरच तशी हाय. माझ्या शेजारी बसून त्यांना दिसलं, मला न्हाई दिसलं." या वेळी माझं पोट दुखलं नाही. मी राहिलेले धोंडे बसून खाल्ले आणि वर आणखी एक मागून घेतला.

आता मोटारसायकलवर ओला गालिचा कसा न्यायचा? साडू म्हणाले, "दाजी, मी टाकतो लातूरला नेऊन. तेवढं तर करू द्या." नांदेड एका दिशेला, लातूर दुसऱ्या, तरी निघाले. म्हणजे माझा गालिचा पुढे त्यांच्या गाडीत, आणि मी त्यांच्या धुरात मागे. लातूर येईपर्यंत गाडीच्या पाठीवरचं त्यांचं हातभर नाव डोळ्यांसमोर होतं. पण आज ते मला बोचत नव्हतं. मी शीळसुद्धा घातली, असं बायको म्हणते.

बायको मागे बसली होती, निरांजनाची पिशवी मांडीवर घेऊन. मी विचारलं, "काय मग? कशी वाटली आपली नजर?"

ती म्हणाली, "तुम्ही दोघं बाहेर गालिचा गाडीत भरत होता, तवा मी आत फरशी पुसत होते. पाट तिथंच होते. तुमच्या पाटावर बसून बघितलं मी."

मी गिअर बदलला.

"तिथनं दिवाणच दिसतो नुसता," ती म्हणाली. "मागचा कोपरा दिसत न्हाई. उभं राहिल्याबिगर दिसतच न्हाई."

रस्त्यात एक खड्डा आला. तो मी चुकवला, पुढचा चुकवता आला नाही. मी किती तरी वेळ आठवून बघत होतो, आधी काय झालं होतं. सासरे म्हणाले मशीन लहान आहे. मग मी उठलो. मग... मला कोपरा काळा दिसला होता, एवढं नक्की आहे. कधी दिसला, ते आजही मला छातीठोकपणे सांगता येत नाही, आणि ते तिला माहीत आहे.

"कुणाला सांगितलंस का?" मी विचारलं.

"मी कशाला सांगू? आईनं विचारलं तर मी म्हणाले, पाणी बघूनच उठले ते, मी बघितलं त्यांना बघताना." पुढे साडूंची गाडी आमच्या गल्लीकडे वळली. तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला, वळणावर ठेवते तसा. "आता डाग तेवढा नीट काढा."