चाकाची बंदूक आणि डावा हात

मी आंघोळ करून बाहेर आलो तर माझा लॅपटॉप पाटावर. झाकणावर हळदीकुंकवाची बोटं, वर झेंडूचं फूल. शेजारी विळा, खुरपं, उलथनं आणि मधोमध आजोबांची बंदूक. खंडेनवमी आहे हे मला माहीत होतं. पण माझं हत्यार कोणतं हे आत्या परस्पर ठरवून मोकळी होईल, हे काही ध्यानात आलं नव्हतं.

"आता उद्या दसऱ्याला उचलायचं," ती म्हणाली. "तवर हात लावायचा न्हाई."

आणि मला संध्याकाळी सहाच्या आत काम पाठवायचं होतं.

लातुरात सात वर्षं मी फ्लेक्सच्या दुकानात होतो. गल्लोगल्लीच्या भाऊ-दादांचे गॉगलवाले फोटो कापून कापून वाढदिवस या शब्दाचाच वीट आला होता. मग मोबाइलवर बघून बघून कॉम्प्युटरवर वस्तू घडवायला शिकलो. बंगळूरच्या एका गेमवाल्या कंपनीनं तीन महिने आजमावायला घेतलं. त्यांच्या गेममध्ये जुन्या काळची रिवॉल्व्हरं आणि फिरत्या चाकाच्या रायफली घालायच्या होत्या. माझी चार रिवॉल्व्हरं पास झाली. शेवटची रायफल राहिली होती. ती पास झाली तर लातुरात घरी बसून पक्की नोकरी, नाहीतर परत गॉगल.

त्या रायफलीसाठीच तर मी दोन दिवस आधी कंधारला आजोबांच्या घरी आलो होतो. आजोबांची बंदूक चाकाची होती. ठासणीचीच, पण नळीच्या मागं गोल चाक आणि चाकात सहा घरं. प्रत्येक घरात दारू आणि गोळी ठासायची, एक बार झाला की चाक फिरवून दुसरं घर नळीपुढं आणायचं. आजोबा गेल्यावर तिचा घोडा काढून, नळी बुजवून ती रीतसर निकामी करून घेतली होती. सासरहून परत आलेली आत्या तेव्हापासून या घरात राहते आणि बंदूक तिच्याच ताब्यात. मी फोटो काढले, मापं घेतली, हुबेहूब उतरवली. गेममध्ये ती चालवणारा माणूसही पडद्यावर तयार होता. नळीच्या रंगावर शेवटचा हात फिरवला की झालं.

मी लई बोललो. नोकरी जाईल म्हणालो, देवाला लॅपटॉप कळत नाही म्हणालो, नको तेही बोलून गेलो. आत्या वाती वळत बसली. मी चिडून स्टँडवर गेलो, चहा घेतला, तो संपायच्या आधीच उठलो. परत आलो, फूल तिथंच. अंगणात चकरा मारल्या. अकरा वाजले, साडेअकरा वाजले. नुसता उचलला असता तर ऐंशीच्या घरातली म्हातारी मला काय अडवणार होती? पण हात पुढं जाईना, आणि जात नाही म्हणून माझा मलाच राग यायला लागला.

"एकदाच सांगा, एवढं काय बिघडतंय?" मी शेवटी विचारलं.

तेव्हा तिनं सांगितलं. आजोबांच्या डाव्या हाताला दोन बोटं नव्हती. कडबा तोडताना गेली, असंच आम्हाला लहानपणापासून माहीत. तसं नव्हतंच. अशाच एका नवमीला, पूजा झाल्यावर, ज्वारीत रानडुकरं शिरली. आजोबा वावरातूनच बंदुकीसाठी ओरडले. आत्या तेव्हा परकर नेसायच्या वयाची. ती धावत घरात गेली, पाटावरची बंदूक उचलली आणि नेऊन त्यांच्या हातात दिली. पहिल्याच बाराला बोटं गेली. पूजेचं हत्यार उचललं म्हणून झालं, असं तिची आई म्हणाली. एवढं एकदाच म्हणाली, पुन्हा कधी नाही. आजोबांनी तर कडब्याची गोष्ट रचून तिला कायम पाठीशी घातलं.

"मीच उचलून दिली रं," आत्या म्हणाली.

माझ्या डोक्यात भलतंच चालू झालं होतं. आजोबांनी डावा हात कुठं धरला होता, मी विचारलं. तिनं काठी घेतली, खांद्याला लावली. उजवा हात मागं. डावा लांब पुढं, नळीखाली.

माझ्या गेममधल्या माणसानंही तसाच धरला होता! साध्या रायफलीचा तयार हात उचलून मी इथं चिकटवला होता. चाकाच्या बंदुकीत एका घराची ठिणगी कधीकधी शेजारच्या घरात शिरते. मग तेही उडतं, आणि त्याची गोळी नळीतून न जाता बाहेरूनच सरळ पुढं सुटते. पुढं हात असला की गेलाच. म्हणून डावा हात चाकाच्या मागंच ठेवायचा असतो. हे मी दोन महिन्यांपूर्वी वाचलं होतं आणि साफ विसरलो होतो.

मी तिला पाटाजवळ नेलं. बंदुकीला हात न लावता, लांबूनच घरं दाखवली. ठिणगी इथून इथं जाते, गोळी इथून सुटते.

"म्हणजे नवमी नसती तरी?" तिनं विचारलं.

"कवाबी झालं असतं आत्या. तुमच्या उचलण्यानं न्हाई झालं. हात पुढं होता म्हणून झालं."

ती पाटाशी वाकून चाकातली घरं एकेक करून बघत गेली. मला घड्याळाकडे बघवेना. मग तिनं झेंडूचं फूल काढून बाजूला ठेवलं आणि दोन्ही हातांनी लॅपटॉप उचलून माझ्याकडे दिला.

"त्याचा हात मागं घे," ती म्हणाली.

एक हात मागं घ्यायचा म्हणजे खांदा बदलतो, कोपर बदलतं, मान बदलते. पाच तास गेले. जेवणाचं ताट आलं तसंच गेलं. आत्या शेजारी खुर्ची ओढून बसली होती, हलली नाही. शेजारचं घर उडतं तेही मी आत घातलं. सहाला दहा कमी असताना पहिल्यांदा लावून बघितलं. माणसानं बंदूक उचलली, बार काढला, शेजारचं घर भडकलं, जाळ पुढं गेला.

"बोटं?" आत्यानं विचारलं.

"हायेत."

"दाखव."

मी हात मोठा करून दाखवला. तिनं पडद्यावर बोट टेकवून एकेक मोजलं. पाच.

"आणखी एकदा लाव."

लावलं. ती पुन्हा म्हणाली, पुन्हा लावलं. फाइल पाठवायची तशीच पडून होती. पाठवताना पडद्यावरची ती माणसाची खिडकी बंद करावी लागते, आणि आत्याचे डोळे तिच्यावरून हलेनात.

सहा वाजले. मी परत लावलं.