एकदाचा न हललेला फोटो

माझ्या हातचा एकही फोटो आमच्या घरात स्थिर नाही. मनवाच्या, म्हणजे माझ्या लेकीच्या, बारशाच्या फोटोत पाळण्यापेक्षा भिंतच जास्त झुलते आहे. सुर्ल्याच्या खाणीवर वर्षानुवर्षं टिप्पर चालवला. पुढे टिप्पर थांबला, हातांची थरथर ड्युटीवरच राहिली.

मनवा जहाजावर कॅडेट म्हणून नऊ महिन्यांसाठी निघाली, तेव्हा मी साखळीच्या बाजारात जाऊन लांबचं जवळ आणणारा कॅमेरा घेतला.

"काका, यात स्टॅबिलायझेशन आहे. हात हलला तरी फोटो हलत नाही."

"कसलाही हात?"

दुकानदाराने माझ्या हाताकडे पाहिलं. "बहुतेक."

निघताना मनवा म्हणाली, "बाबा, जातानाचा तरी नीट काढा." (ती हसत म्हणाली. मी ते मनावर घेतलं.)

वास्कोला बंदराच्या वर, टेकडीवर आम्ही तिघं उभे राहिलो: मी, बायको आणि पेडण्याहून आलेला तिचा थोरला भाऊ. जहाज सुटलं. मागच्या कठड्याशी भगवा सूट, डोक्यावर हेल्मेट. कॅमेरा डोळ्याला लावला, तर लेक इतकी जवळ आली की गालावरचा तीळ दिसला. हात थरथरत होते आणि चित्र गप्प उभं होतं. मी बटण दाबणार, तेवढ्यात शेजारी मेहुण्यांनी नारळ पुढे धरून गाऱ्हाणं सुरू केलं.

"बा देवा म्हाराजा! आज आमचा चेडू दर्यार जाता..."

"होय म्हाराजा," मी कॅमेऱ्यातूनच म्हणालो.

"अहो, हात जोडा," बायको म्हणाली.

"फोटो..."

"लेकीसाठी मागणं चाललंय, आणि तुमचे हात कुठे आहेत?"

कॅमेरा गळ्यात सोडला, हात जोडले. मेहुण्यांनी वारा, लाटा, इंजिन, जहाजावरचं जेवण आणि कप्तानाची बुद्धी, सगळं देवाच्या कानावर घातलं. प्रत्येकाला "होय म्हाराजा" आलंच.

पुन्हा कॅमेरा उचलला तेव्हा जहाज बरंच पुढे गेलं होतं. कठड्याशी भगवा सूट हात हलवत होता. मी बटण दाबतच सुटलो. समोरचं पुसट दिसत होतं. (डोळ्यांतलं पाणी कॅमेरा स्थिर करत नाही.)

"अहो, ती बघा! त्या टोकाला!"

"बोलू नकोस गो, हात हलतो."

घरी टीव्हीवर फोटो लावले. एकही हललेला नव्हता. प्रत्येकात एक मिशीवाला गृहस्थ मनापासून निरोप घेत होता. मिशीचा केस न् केस मोजता येत होता.

"आमच्या चेडवाक मिशी कधी इली?" मेहुण्यांनी विचारलं. बायको उठून आत गेली.

आठवड्याने मनवाचा फोन आला. "बाबा, ते आमचे कूक. सूट सगळ्यांचा भगवाच असतो. मी दुसऱ्या टोकाला होते, तुम्हालाच हात करत होते. पण ते फोटो पाठवा. त्यांच्या आईकडे त्यांचा एकही चांगला फोटो नाही."

पाठवले. त्या आईने एक मोठा करून देवघराशेजारी लावलाय म्हणे.

मनवाने उलट एक फोटो पाठवला, मोबाईलवर जहाजातून काढलेला. टेकडीवर तीन ठिपके, मोठे केले की आम्ही. बायको मनवाकडे बघतेय, मेहुणेही. मधल्या ठिपक्याने तोंडासमोर कॅमेरा धरलाय आणि तो भलतीकडे बघतोय. फोटो साफ हललेला आहे.

तोच आम्ही भिंतीवर लावला. आलेल्यागेलेल्याला सांगतो, हात माझ्यावर गेलाय तिचा. बायको म्हणते, तोंड झाकलंय म्हणून तुम्ही त्यात बरे दिसता.