खाटेवरून खाली

कौतिकामावशीची नि माझी ओळख झाली तीच मुळी थोबाडीत बसलेल्या चपराकीनं. मी तेव्हा तीस वर्षांचा, कोर्टात कारकून, दोन लेकरांचा बाप. दिवसभर कान घुमत होता.

बालाघाटच्या दवाखान्यात तिनं आयाबाईचं काम केलं होतं. ते सुटल्यावर ज्या घरात माणूस शेवटच्या दिवसांत असेल, तिथं ती आपणहून जाई, नि शिरताच भांडण काढी. रडणाऱ्या बायांना दंडाला धरून बाहेर घाली. "रडाचं हाये त आंगणात रडा! अंदर माणूस मरून राह्यला, त्याले धड मरू त द्या!" बेशुद्ध बापाच्या तोंडात गंगाजल ओतणाऱ्या एकाच्या डोक्यात तिनं तोच तांब्या हाणला होता. "बुडवून मारतं काय रे बापाले?" लोक तिला शिव्या देत, आणि बोलावतही.

माझ्या बाबांना हाडांचा कॅन्सर. घरी न्या, असं डॉक्टरांनीच सांगितलेलं. पौषातल्या एका सकाळी घरघर लागली, तसे मोठे काका ओरडले, "उतरवा खाली! खाटेवर जीव गेला त गती नाही भेटत!" आम्ही घाईघाईत बाबांना उचललं. माझ्या हातून त्यांची कंबर निसटली नि ते गार भुईवर आदळले. काय किंचाळले हो बाबा! ती किंकाळी आठवली की आजही मला घास गिळवत नाही.

बायको धावत जाऊन मावशीला घेऊन आली. आल्या आल्या तिनं मला हाणली. काकांनी काठी उगारली. ती हिसकून तिनं त्यांच्याच पाठीत घातली. "गती त्याले पाहिजे का तुले? त्याले पुसलं काय कोणी?" मग बाबांजवळ बसून म्हणाली, "दादा, खाटेवर ठेवू?" बाबांनी डोळ्यांनीच हो म्हटलं. काका तरातरा निघून गेले, ते पुन्हा आमच्या दारी आले नाहीत.

चार दिवस मावशी हलली नाही. ओल्या कापसानं ओठ कसे पुसायचे, चादर धरून कूस कशी बदलायची, सगळं तिनं मला शिकवलं, शिव्या घालत घालत. पाचव्या दिवशी दुपारी बाबा चांगले शुद्धीवर आले. माझ्याकडे बघत म्हणाले, "मले खाली काहून फेकलतं रे?"

मी वाटीतला कापूस पिळत राहिलो. मावशीनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "खाटेची दोरी तुटली होती, दादा. पोरानं खालून हात घातले, म्हणून वाचले तुम्ही."

बाबांनी माझा हात ओढून घेतला, बोटं एकेक करून चाचपली.

"तुले त नाही न लागलं, बापू?"

"नाही, बाबा," मी म्हणालो. त्याच रात्री ते गेले, खाटेवरच.