मासेवाल्या काकांचा कांदा

गळ्यात तुळशीची माळ, घरात अंडंसुद्धा चालत नसे, आणि जिंतुरात सगळे त्यांना ‘मासेवाले काका’ म्हणायचे. पुढच्या खोलीत काचेच्या टाकीत सात-आठ रंगीत मासे होते, एवढंच त्यांचं पाप. एखादा नवखा दारात येऊन रोहूचा भाव विचारी. “आमचे मासे नुसते बघायचे हायत,” काका शांतपणे सांगत आणि वर त्याला चहा पाजत.

मी त्यांच्या शेजारी राहते. टाकीची खरी हौस काकूंची. आतल्या लाल पानांच्या कमळावर त्यांचा फार जीव. त्या दवाखान्यात होत्या तेव्हा टाकीकडे कुणी पाहिलंच नाही. काकू गेल्या आणि मागोमाग कमळही गेलं. वर्षभराने काका मला म्हणाले, “मोबाईलवर मागव. तसंच पायजे, लाल. दुसरं नगं.”

कुरियर आलं आठ दिवसांनी. ओल्या कागदात सुपारीएवढा गड्डा आणि पानांचा नुसता लगदा. गड्ड्याला काका कांदाच म्हणत. त्यांनी तो दाबला, हुंगला, परत दाबला. “जित्ता हाय का गं ह्यो?” मी मोबाईलमध्ये शोधलं. एक जण सांगे वाळूत पुरा, दुसरा सांगे पुरलात तर सडेल. एकाला भरपूर उजेड हवा, दुसऱ्याला सावली. आम्ही दोघं टाकीपुढे खुळ्यासारखे बसून राहिलो.

शेवटी काकांनी तो हळदीच्या बेण्यासारखा खोल पुरला. चौथ्या दिवशी वास सुटला. मी उकरून सडका भाग ब्लेडने कापला, तर काकांनी जखमेवर हळद दाबली. पाणी पिवळंधमक, मासे बादलीत. मला हसू आवरेना, पण काका रडकुंडीला आले होते. मग कांदा नुसता वाळूवर ठेवायचा ठरला. टोक कोणतं नि बूड कोणतं, यावर आमचं एकमत व्हायला अर्धा तास लागला.

पुढे रोजचंच झालं. सकाळी “जित्ता हाय,” संध्याकाळी “गेला वाटतं.” महिनाभर काही हललं नाही, आणि मुलगा काकांना पुण्याला न्यायला आला. टाकी माझ्या घरी आली. निघताना काका म्हणाले, “आता हात लावू नको त्याला. मी लय हात लावला.”

दिवाळीनंतर एका सकाळी कांद्याच्या खालून, वाळूतून वाकडा होऊन एक कोंब वर आलेला दिसला. मी लगेच फोन लावला. “काका, कोंब आलाय. पण खालून. आपण कांदा उलटा ठेवलता.”

काकांनी विचारलं, “लाल हाय का?”

“लाल आहे. सरळ करू का त्याला?”

“नगं. त्याला कळलं बघ वर कुठं हाय. मी हितं नवव्या मजल्यावर बसलोय, मला अजून कळायलं न्हाई.”

काका जिंतूरला परत आलेच नाहीत. पुढच्या उन्हाळ्यात पुण्यातच गेले. कांदा अजून उलटाच आहे. मी हात लावलेला नाही.